हँडलच्या कटकटीतून सोडवणारा शेतकऱ्याचा पोरगा: चार्ल्स केटरिंग

ज्याच्या दारात जुना ट्रॅक्टर आहे तो रात्री गाडी लावताना आधी उतार बघतो. बॅटरीचा भरवसा नसतो. सकाळी सेल्फ मारला आणि नुसता खट्ट आवाज आला, तर उतारावरून गाडी सोडून गिअर टाकता येतो. उतार नसला तर शेजारपाजारची चार पोरं गोळा करून धक्का. सेल्फ आहे, बॅटरी आहे, डायनामोही जागेवर आहे, पण या तिघांचं एकमेकांशी जमत नाही.

या तिघांचं पहिल्यांदा नीट जमवून दिलं ते चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाने. केटरिंग म्हटलं की आपल्याकडे लग्नातली पंगत डोळ्यांपुढे येते, पण हे आडनाव आहे. अमेरिकेत एडिसनच्या पाठोपाठ ज्या संशोधकांचं नाव घेतात त्यांतला हा एक. आणि तो शेतकऱ्याच्या घरातला होता.

२९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर त्याचा जन्म झाला. पाच भावंडांतला हा चौथा. वडील जेकब, आई मार्था. घरात कंदील, पाणी हाताने ओढायचं, धारा हाताने काढायच्या. पोरगं हुशार, पण डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. शाळा संपल्यावर काही काळ त्याने गावाकडच्या शाळेत मास्तरकी केली. मग कॉलेजला गेला, डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडून परत यावं लागलं.

या काळात तो टेलिफोनच्या लाइनवर कामाला लागला. खांबासाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या. उघड्यावरच्या या कामाने डोळ्यांना विसावा मिळाला आणि विजेची गोडी लागली. पुढे तो त्या टोळीचा मुकादम झाला. याच दिवसांत त्याची ओळख ऑलिव्ह विल्यम्स हिच्याशी झाली आणि १९०५ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याआधी, १९०४ मध्ये, त्याने ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. धडे सोबतची मुलं मोठ्याने वाचून दाखवायची आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. पदवी हातात आली तेव्हा वय २७ होतं.

नोकरी लागली डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात गल्ल्यावर असतं ते हिशेबाचं यंत्र ही कंपनी बनवायची. यंत्राला हाताने फिरवायचा दांडा होता. दांड्याऐवजी विजेची मोटर बसवायचं काम केटरिंगकडे आलं. मोठी मोटर गल्ल्यात मावेना. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही. गिऱ्हाईक आलं की क्षणभर फिरते आणि थांबते. मग तिला दिवसभराच्या हिशेबाने मोठी कशाला करायची? छोटीच मोटर घ्या, क्षणभर तिच्याकडून दुप्पट-तिप्पट काम करून घ्या. तापायच्या आत तिला विश्रांती मिळतेच.

ट्रॅक्टरच्या सेल्फचं मूळ या गल्ल्यात आहे.

त्या काळी मोटारगाड्या समोरून हँडल मारून चालू व्हायच्या. हँडल मारणं ताकदीचं काम होतं आणि धोक्याचंही. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन वर पोचण्याआधीच उलटा ढकलला जातो आणि हँडल हातातून उलटं फिरतं. मनगटं मोडायची, पुढचा हात मोडायचा. जुन्या जाणत्या ड्रायव्हरांची एक शिकवण होती. हँडल धरताना अंगठा दांड्याला विळखा घालून धरायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल उलटलंच तर हात सुटून निघतो, अंगठा अडकत नाही. आजही कुणाच्या शेतावर हँडलचं जुनं इंजिन असेल तर ही गोष्ट घरातल्या पोरांना सांगून ठेवावी अशीच आहे.

मोटारीच्या इतिहासात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. बायरन कार्टर हा स्वतः गाड्या बनवणारा माणूस. डेट्रॉइटमध्ये एका पुलावर एका बाईची कॅडिलॅक बंद पडलेली त्याला दिसली. मदतीला उतरला, हँडल मारलं, ते उलटलं आणि त्याच्या जबड्यावर बसलं. त्या दुखण्यातून तो उठला नाही. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड हा कार्टरचा मित्र होता. आपल्या गाडीने मित्राचा जीव घेतला हे त्याच्या मनाला फार लागलं, आणि हँडल गेलं पाहिजे असं त्याने ठरवलं.

लेलँड केटरिंगला आधीपासून ओळखत होता. कंपनीतला वरिष्ठ एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या गोठ्यात केटरिंग आणि त्याचे सोबती संध्याकाळी आणि सुट्टीला काम करायचे. तिथे त्यांनी बॅटरीवर चालणारी, भरवशाची ठिणगी देणारी इग्निशनची जोडणी तयार केली आणि लेलँडने ती कॅडिलॅकसाठी घेतली. त्यासाठी १९०९ मध्ये कंपनी काढली: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडून नाव झालं डेल्को.

विजेने गाडी चालू करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण जाणकारांचा हिशेब असा होता की इंजिन फिरवायला लागणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढी होईल आणि बॅटरी गाडीत मावणार नाही. दिवसभर चालणाऱ्या मोटरसाठी हा हिशेब बरोबरच होता. केटरिंगकडे गल्ल्याचा अनुभव होता. इंजिनाला फक्त काही सेकंद फिरवायचंय, पुढे ते आपल्या ताकदीवर चालतं. तेवढ्यासाठी लहान मोटर पुरते.

पण तेवढ्याने भागलं नसतं. बॅटरीतून सकाळी जेवढं काढलं तेवढं भरायचं कोण? इथे केटरिंगची खरी करामत आहे. विजेची मोटर आणि वीज तयार करणारा डायनामो आतून जवळजवळ सारखेच असतात. वीज दिली की फिरते ती मोटर. बाहेरून फिरवली की वीज देतो तो डायनामो. त्याने एकाच यंत्राकडून दोन्ही कामं घेतली. आधी ते इंजिनाला फिरवायचं, इंजिन चालू झालं की इंजिन त्याला फिरवायचं, आणि बॅटरी पुन्हा भरायला लागायची. चालू करताना २४ व्होल्ट आणि भरताना ६ व्होल्ट, अशी बॅटऱ्यांची जोडणी बदलायची सोयही त्यात होती. पेरणीला बियाणं उसनं घ्यायचं आणि सुगीला फेडायचं, असा हा व्यवहार.

फेब्रुवारी १९११ मध्ये ही जोडणी कॅडिलॅकवर बसवून दाखवली गेली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ आणि विजेच्या दिव्यांसह बाजारात आल्या. थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनीही हँडल सोडलं. ज्यांच्या हातात ताकद नव्हती, त्यात बायकाही आल्या आणि म्हातारेही, त्यांनाही गाडी एकट्याने चालवता येऊ लागली.

ट्रॅक्टरवर हे यायला बराच वेळ लागला. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन डिअर आणि फार्मॉल ट्रॅक्टरवर सेल्फ मिळू लागला. त्यांवर डेल्को-रेमीचे डायनामो आणि सेल्फ असायचे. रेमी ही दुसरी कंपनी, पुढे डेल्कोत मिसळली. इंग्लंडातल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर लुकास कंपनीचा माल असायचा. तोवर मोटर आणि डायनामो वेगळे झाले होते, पण उसनं-फेडीचा व्यवहार तोच राहिला. जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी रोज उतरते तेव्हा बहुतेक वेळा हा व्यवहार कुठेतरी तुटलेला असतो. बॅटरीवाल्याकडे पळण्याआधी तो कुठे तुटलाय ते बघावं.

सेल्फपासून बघू. गल्ल्यातल्या मोटरचा नियम इथेही लागू आहे. सेल्फ सेकंदांसाठी बनवलेला आहे. दहा सेकंदांत इंजिन उठलं नाही तर बोट काढावं, अर्धा-एक मिनिट थांबावं, मग परत मारावा. सलग दाबून धरलं की वायंडिंग जळतं आणि बॅटरीही बसते. हवा घेतलेल्या डिझेल लाइनवर सेल्फ मारत बसणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता फेडीची बाजू. जुना डायनामो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, इंजिनाला थोडी रेस लागते. साखर कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर तासन्‌तास मंद चालू, वर लाइट आणि टेप चालू, तर तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवरच. पुन्हा डायनामोची ताकदही बेताची. मॉडेलप्रमाणे साधारण ११ ते २२ अँपिअर. ११ चा धरला तर १२ व्होल्टवर ती १३०-१४० वॅट होते. पुढचे दोन दिवेच त्यातले ८०-९० खातात. त्यावर ट्रॉलीतल्या साउंडचा अँप्लिफायर जोडला तर बॅटरी भरणार कुठून? डीजेवाल्या पोरांना हा हिशेब पटत नाही, पण हिशेब तो हिशेबच.

मल्टिमीटर आता तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिक दुकानात मिळतो. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या १२ व्होल्ट बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. रेस दिल्यावर १४ च्या आसपास चढायला हवं. तिथेच अडकून राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. मग बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, वास येतो आणि बॅटरी लवकर जाते.

चार्जिंग नसेल तर आधी पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक-दीड सेंटिमीटर खाली जावा. सैल असला तर घसरतो. फार ताणला तर डायनामोचं बुश किंवा बेअरिंग खातो. मग वायरींची टोकं, आणि अर्थची वायर बॉडीला जिथे लागते ती जागा. रंग आणि गंज खरवडून तिथे लोखंड उघडं करावं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, कोरडं करून व्हॅसलिन लावावं. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

डायनामोच्या आत कार्बन ब्रश तांब्याच्या पट्ट्यांवर घासत असतात. पट्ट्या काळ्या पडल्या तर बारीक काचपेपरने साफ कराव्यात. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करतात. मागच्या बुशला तेलाचं भोक असेल तर दोन-तीन थेंब पुरेत. जास्त तेल ब्रशवर गेलं की ब्रश संपलाच.

लुकास पद्धतीच्या डायनामोवर डी आणि एफ अशी दोन टोकं असतात. डायनामो मेला की रेग्युलेटर, हे कळायला जुने मिस्त्री दोन्ही वायरी काढतात, दोन्ही टोकं एका तारेने जोडतात आणि तिथून बॉडीपर्यंत मीटर लावून इंजिन हळूहळू वाढवतात. व्होल्ट २० च्या आसपास सरसर चढले तर डायनामो ठीक, दोष पुढे आहे. यात इंजिन जास्त पळवायचं नाही, हजार फेऱ्यांच्या आतच.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे कटआउट. डायनामो आणि मोटर एकच असल्याचा हा दुसरा परिणाम. इंजिन बंद झालं की बॅटरी उलट डायनामोलाच मोटरसारखं फिरवायला बघते. कटआउट तेव्हा मधली वाट तोडतो. त्याचे पॉइंट जळून चिकटले तर बॅटरी रातोरात रिकामी होते आणि वायर तापून पेटूही शकते. इंजिन बंद, सगळे दिवे बंद, तरी अँमीटरचा काटा मायनसकडे असेल तर वाट न बघता बॅटरीची वायर काढावी.

आणि बॅटरी बसवताना आधी अर्थ बघावा. जुन्या इंग्लिश बनावटीच्या ट्रॅक्टरवर बऱ्याचदा पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, आजच्या गाड्यांच्या उलट. घाईत उलट जोडलं की कटआउटचे पॉइंट जळतात. डायनामो फार दिवस पडून असेल किंवा दुरुस्त करून आणला असेल, तर त्यातलं उरलेलं चुंबकत्व नीट करून घ्यावं लागतं. हे क्षणभराचं काम आहे, पण डेल्कोची आणि लुकासची रीत वेगळी. माहितगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

केटरिंगची गोष्ट मात्र सेल्फवर संपली नाही. मोटारीत वीज आली, पण शेतावरच्या घरात अजून कंदीलच होता. शहरातल्या वीज कंपन्यांना लांबच्या वस्तीवर खांब टाकणं परवडत नव्हतं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी साधारण नऊ घरांत वीज नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, केटरिंग आणि डीड्स यांनी डेल्को-लाइट बाजारात आणलं. एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, रॉकेलवर चालणारं इंजिन, त्याला डायनामो, आणि काचेच्या भांड्यांतल्या बॅटऱ्यांची रांग. ३२ व्होल्टची वीज. कॅडिलॅकमधला तोच व्यवहार घरात आणून ठेवलेला. दिवसा काही तास इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या आणि रात्री दिवे लावायचे. पंपाने पाणी ओढता यायचं, कपडे धुण्याचं यंत्र चालायचं. हे काम घरातल्या बायकांच्या अंगावरचं होतं. आईचे कष्ट ज्याने लहानपणी बघितले त्याला हे सुचलं, यात नवल नाही. आज आपल्याकडे वस्तीवर सोलर पॅनल आणि बॅटरी लावतात, त्याचाच हा आजोबा. फक्त सूर्याच्या जागी रॉकेल.

डेल्को पुढे जनरल मोटर्सच्या पोटात गेली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथला संशोधन प्रमुख होता. मान होता, पैसा होता. फजितीही झाली. पाण्याशिवाय, तांब्याच्या पंखांनी थंड होणारं इंजिन त्याने मोठ्या हट्टाने शेवरोले गाडीसाठी काढलं. १९२३ मध्ये ते बाजारात आलं आणि त्याच वर्षी गाड्या परत मागवाव्या लागल्या. त्याने राजीनामा देऊ केला, कंपनीने घेतला नाही.

त्याच्या नावावरचा मोठा डाग वेगळा आहे. पेट्रोल इंजिन ठोकतं ते थांबवायला त्याचा सहकारी थॉमस मिजली याने १९२१ मध्ये शिशाचं संयुग शोधलं. पेट्रोलमध्ये ते मिसळायचा धंदा सुरू झाला आणि त्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी धंदा थांबला नाही. पुढची कित्येक दशकं जगभरच्या रस्त्यांवर शिशाचा धूर राहिला आणि त्याने लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम केला. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातून शेवटचं २०२१ मध्ये. हँडलने होणारी इजा ज्याने थांबवली, त्याच माणसाच्या हातून हेही झालं. त्याचं चरित्र लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही.

१९३० च्या दशकात त्याने आणि त्याचा मुलगा यूजीन याने रेल्वेसाठी हलकं दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन घडवलं आणि अमेरिकेत वाफेच्या इंजिनाचे दिवस भरले. भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीजी-४ ही मालगाडीची डिझेल इंजिनं त्याच घराण्यातली आहेत.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सरवरच्या संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह कॅन्सरने गेली.

म्हातारपणी त्याला एका प्रश्नाने धरलं होतं, तो शेतकऱ्याच्या पोरालाच पडावा असा. गवत हिरवं का असतं? म्हणजे पान ऊन पकडून साठवतं कसं? त्यासाठी त्याने आपल्या पैशाने संशोधन चालवलं. सूर्याकडून घ्यायचं, पानात साठवायचं, लागेल तेव्हा वापरायचं. पानातही त्याला बॅटरीच दिसत असावी.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये तो वारला, वय ८२. त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेत मोटारींवर डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसू लागले. ते आयडलवरही चार्जिंग करतात, आणि त्यांत कटआउटचं काम डायोड करतात. जुन्या ट्रॅक्टरवरही अल्टरनेटर बसवता येतो. पण गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर आधी अर्थ बदलून घ्यावा लागतो, नाहीतर चालू करताच डायोड जातात.